एआरटीची गोळी अंगाला सोसेना, तेव्हा काय करायचं

माझी मापांची वही दोन्ही बाजूंनी भरलेली आहे. पुढून गावातल्या बायकांच्या ब्लाउजची छाती, बाही, गळा. मागून, वही उलटी करून, माझं स्वतःचं अंग: एआरटी, म्हणजे एचआयव्ही आटोक्यात ठेवणारी गोळी, घेतल्यावर त्याला काय काय होतं ते. मागची पहिली नोंद 2007 सालच्या जुलै महिन्यातली आहे: 'गोळी सकाळी 9. मळमळ. भाकरी गेली नाही. दुपारी ताकभात गेला.' अशी नोंद ठेव म्हणून मला कुणी सांगितलं नव्हतं. शिवणकाम करणाऱ्या बाईच्या हाताला आकडे लिहून ठेवायची सवय असते, त्यातून ते झालं.

तेव्हापासून माझ्या गोळ्या तीनदा बदलल्या. आज मी एका एआरटी केंद्रात केअर कोऑर्डिनेटर म्हणून काम करते, लोक मला ताई म्हणतात. मी डॉक्टर नाही. कुठली गोळी द्यायची, कुठली बदलायची हे डॉक्टरच ठरवतात. पण गोळी सुरू झाल्यावर घरी, रात्री, एकट्याला काय काय होतं आणि त्यात आपल्या हातात काय असतं, ते मला अंगावरून माहीत आहे.

सगळ्यात आधी माझी चूक सांगते. पहिल्या वर्षी माझ्या तळपायांची आग व्हायला लागली. मी पायमशीन चालवायचे. पायपट्टीवर पाय ठेवला की मिरची लावल्यासारखं व्हायचं, रात्री चादरीचा स्पर्शही नको वाटायचा. वहीत मी रोज लिहिलं: पाय, पाय, पाय. आणि आठ महिने कुणाला दाखवलं नाही. मनात एकच भीती होती, फुकट मिळणारं औषध आहे, तक्रार केली तर बंद करतील. सरकारने 1 एप्रिल 2004 पासून देशातल्या आठ रुग्णालयांत ही गोळी फुकट द्यायला सुरुवात केली, मुंबईचं जे. जे. त्यातलंच. त्याआधी पैसे नाहीत म्हणून गेलेली माणसं मी पाहिली होती. त्यामुळे ते मिळतंय हेच खूप, असं वाटायचं. शेवटी मी वही डॉक्टरांपुढे ठेवली, तेव्हा त्यांनी पाच मिनिटांत ओळखलं की हे गोळीतल्या स्टॅव्हुडिन या औषधामुळे आहे. गोळी बदलली, आग थांबली. पण डाव्या पायाची बोटं आजही बधिर आहेत. आठ महिने आधी दाखवलं असतं तर कदाचित तीही वाचली असती.

म्हणून हे सगळं लिहिते आहे. गोळी मनाने बंद करायची नाही, आणि त्रास मनात ठेवायचा नाही. या दोन्हींच्या मधला रस्ता म्हणजे लिहायचं आणि दाखवायचं.

पहिले पंधरा दिवस

आता बहुतेकांना सुरुवातीलाच टीएलडी देतात. टेनोफोव्हिर 300, लॅमिव्हुडिन 300 आणि डोल्युटेग्रॅविर 50 मिलिग्रॅम, तिन्ही मिळून एकच गोळी, दिवसातून एकदा. आपल्याकडे ती 2020 पासून मोठ्या प्रमाणावर आली. आमच्या वेळी दोन वेळा गोळ्या, त्यात पहिले चौदा दिवस नेव्हिरॅपिन हे औषध निम्म्या मापाने. सकाळची गोळी वेगळी, संध्याकाळची वेगळी, आणि त्या अदलाबदल होतील या धास्तीने मी एकीच्या डबीला लाल दोरा बांधला होता. त्या मानाने आजची गोळी फार सोपी आहे. तरी पहिले दिवस जड जाऊ शकतात.

मळमळ, डोकं दुखणं, पोट बिघडणं, थकवा, एवढं पहिल्या दोन-चार आठवड्यांत होऊन आपोआप ओसरतं. टीएलडी उपाशीपोटीही चालते, पण मळमळत असेल तर जेवणानंतर घ्या. भाताची पेज, ताकभात, मऊ मुगाची खिचडी. एका वेळी ताट भरून खाण्यापेक्षा चार वेळा थोडं थोडं. आल्याचा छोटा तुकडा चघळला की मला बरं वाटायचं. गोळी घेतल्याबरोबर उलटी झाली आणि उलटीत गोळी दिसली, तर पुन्हा एक घ्या आणि केंद्रावर कळवा, कारण महिन्याच्या हिशेबात एक गोळी कमी पडणार. रोजच उलटी होत असेल तर तारखेची वाट बघू नका, जाऊन या. मळमळीवर साधी गोळी मिळते, ती अर्धा तास आधी घेतली की हे दिवस निभावतात.

एक वेगळा प्रकार समजून घ्या, कारण त्यात माणसं सगळ्यात जास्त घाबरतात. गोळी सुरू झाल्यावर तीन आठवड्यांनी, महिन्या-दोन महिन्यांनी अचानक ताप येतो, मानेत गाठी येतात, खोकला वाढतो किंवा नागीण उठते. घरचे म्हणतात, गोळीच बाधली. बहुतेक वेळा झालेलं असतं उलटंच. सीडीफोर, म्हणजे रक्तातल्या रोगाशी लढणाऱ्या पेशी, वाढू लागल्यावर शरीर जागं होतं आणि आत दबून बसलेल्या टीबीशी किंवा दुसऱ्या आजाराशी झगडायला लागतं. ज्यांच्या सीडीफोर पेशी सुरुवातीला फार कमी असतात त्यांना हे जास्त होतं. माझ्या 112 होत्या, मला दुसऱ्या महिन्यात पाठीवर नागीण उठली. अशा वेळी त्या दबलेल्या आजारावर उपचार करतात आणि एआरटी सहसा चालूच ठेवतात. तुम्ही घरी बसून ती बंद केलीत तर दोन्हीकडून नुकसान.

झोप, वजन, साखर

डोल्युटेग्रॅविरने काहींची झोप उडते. रात्री एक वाजता डोळे टक्क उघडे. उपाय बहुतेकदा सोपा असतो, गोळी सकाळी घ्यायची. जे आधी टीएलई, म्हणजे डोल्युटेग्रॅविरच्या जागी इफाव्हिरेन्झ असलेली जुनी गोळी, घेत होते त्यांना रात्री झोपताना घ्यायची सवय लागलेली असते, कारण त्यातलं इफाव्हिरेन्झ चक्कर आणायचं. गोळी बदलली तरी वेळ तीच राहते, आणि मग झोप गेली म्हणून लोक वैतागतात. वेळ बदलण्याआधी केंद्रावर एकदा विचारा, ते सांगतील कुठल्या दिवसापासून सकाळी घ्यायची. मन फार खिन्न होत असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर तोही गोळीचा परिणाम असू शकतो. 'मन लागत नाही' एवढं काउन्सेलरला म्हटलं तरी पुढचं त्या विचारतील.

इफाव्हिरेन्झवर अजूनही काही जण आहेत, त्यांच्यासाठी माझ्या वहीतलं एक पान. 'यात्रा. मटण. गोळी 10 वाजता. रात्रभर घर फिरत होतं, स्वप्नात विहीर.' तेलकट, तुपकट जेवणावर ही गोळी घेतली तर रक्तात तिचं प्रमाण वाढतं, आणि चक्कर, भडक स्वप्नं दुप्पट होतात. संध्याकाळी सातला हलकं जेवून दहाला गोळी घेऊन लगेच आडवं व्हायचं. यात्रेच्या दिवशी मी जेवण दुपारी करायला लागले. त्यावर दारू तर नाहीच.

वजनाचं बोलायला बायका लाजतात, पण विचारतात सगळ्याच. टीएलडीवर वजन वाढतं, बायकांचं जरा जास्तच. त्यातलं काही चांगलं आहे, आजारात झडलेलं अंग भरून येतं. माझं 38 किलोवरून 50 झालं तेव्हा आईने मीठमोहरी ओवाळली होती. पण नंतर 50 चं 63 झालं, ते ओवाळण्यासारखं नव्हतं. यासाठी वेगळं काही नाही. रात्रीचा भात कमी, चहातली साखर कमी, दुकानातले फरसाण-खारी बंद, रोज अर्धा तास झपझप चालणं. भाकरी सोडू नका. वजन कमी करायला म्हणून कसलीही पावडर किंवा काढा घेऊ नका, त्याचं पुढे सांगते.

साखरेकडे मात्र लक्ष ठेवा. डोल्युटेग्रॅविर सुरू झाल्यावर काहींची साखर वाढते, कधी झपाट्याने. खूप तहान, सारखी लघवी, काही न करता वजन उतरणं, अशी लक्षणं दिसली की त्याच आठवड्यात तपासा. घरात मधुमेह असेल तर हे सुरुवातीलाच सांगून ठेवा.

कुणाशी जमतं, कुणाशी नाही

हा भाग दोनदा वाचा. आमच्याकडे येणारे निम्मे घोटाळे गोळीचे नसतात, तिच्याबरोबर पोटात गेलेल्या दुसऱ्या गोष्टींचे असतात.

पोटात जळजळतं म्हणून लोक डायजीन, जेलुसिलसारखं औषध पितात. त्यात अॅल्युमिनियम आणि मॅग्नेशियम असतं. ते डोल्युटेग्रॅविरला आतड्यातच धरून ठेवतं, रक्तात जाऊच देत नाही. म्हणजे तुम्ही रोज नेमाने गोळी घेता आणि ती तशीच बाहेर जाते. यावर नियम असा: एआरटीची गोळी आधी, आणि त्यानंतर दोन तासांनी अँटासिड. अँटासिड आधी घेतलं असेल तर सहा तास थांबून एआरटी.

लोह आणि कॅल्शियमचंही असंच आहे. एक पोर आली होती, पाचवा महिना. आशाताईंनी दिलेली लोहाची लाल गोळी, कॅल्शियमची गोळी आणि टीएलडी, तिन्ही ती सकाळी उठल्या उठल्या रिकाम्या पोटी एकदम घ्यायची. विसरायला नको म्हणून! किती काळजीने करत होती ती. तिला आम्ही वेळा लावून दिल्या: सकाळी सातला टीएलडी, दुपारच्या जेवणानंतर लोह, रात्रीच्या जेवणानंतर कॅल्शियम. ज्यांना वेगळ्या वेळा जमतच नाहीत त्यांनी लोह किंवा कॅल्शियम टीएलडीबरोबर भरल्या पोटी घेतलं तर चालतं. रिकाम्या पोटी एकत्र नको, आणि ही सवलत अँटासिडला नाही. तिला आणखी एक भीती होती, ही गोळी बाळाला बाधते असं कुणीतरी सांगितलेलं. 2018 मध्ये आफ्रिकेतल्या बोट्सवानातून तशी शंका आली होती हे खरं. पुढे तिथेच खूप जास्त बाळंतपणांची नोंद झाली आणि ती शंका टिकली नाही. आज गरोदरपणात हीच गोळी देतात. बाळाला वाचवायचं असेल तर आईची गोळी एक दिवसही चुकता कामा नये.

टीबीचं औषध सुरू झालं तर त्यातलं रिफॅम्पिसिन डोल्युटेग्रॅविरचा जोर कमी करतं. म्हणून बारा तासांच्या अंतराने डोल्युटेग्रॅविर 50 ची आणखी एक सुटी गोळी देतात, आणि टीबीचं औषध संपल्यावरही दोन आठवडे चालू ठेवतात. ती जास्तीची गोळी पाहून 'चुकून दिली असेल' म्हणत डब्यात ठेवणारे मला भेटले आहेत. चुकून नाही, ती घ्यायची. फिटच्या गोळ्यांमध्ये कार्बामाझेपिन, फेनिटॉइन, फिनोबार्बिटाल यांचंही टीएलडीशी जमत नाही. फिट येत असतील तर पहिल्याच दिवशी सांगा. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन असेल तर दिवसाचं माप 1000 मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये, डोल्युटेग्रॅविरमुळे ते अंगात साठतं.

आता अंगदुखीच्या गोळ्या. ऊसतोडीच्या हंगामात आमच्या भागात बीडकडून टोळ्या येतात. पहाटे चारपासून कोयता, मोळ्या उचलणं, वाहनं भरणं. कंबर राहत नाही, म्हणून दुकानातून डायक्लोफिनॅकची गोळी, रोज एक, कधी दोन. पाणी पुरेसं पिणं नाही. आणि त्यावर टेनोफोव्हिर. टेनोफोव्हिर मुळात मूत्रपिंडाला थोडं जड आहे, त्याला ही जोड मिळाली की क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड कसं चालतंय ते सांगणारा रक्तातला आकडा, वर जातो. दुखलं तर पॅरासिटामॉल, तेही मापात, आणि भरपूर पाणी. पायांवर सूज, लघवी कमी किंवा फेसाळ, असं दिसलं की जाऊन दाखवा. तपासणीत क्रिएटिनिन थोडंसं वाढलेलं दिसलं म्हणून लगेच हाय खाऊ नका. डोल्युटेग्रॅविरने मूत्रपिंडाला इजा न होताही आकडा जरा वर दिसतो. त्यातला फरक डॉक्टर करतात, आपण फक्त तपासणी चुकवायची नाही. याच टोळ्यांना आणखी एक सांगते: गाव सोडण्याआधी केंद्रावर सांगा, कुठल्या कारखान्यावर जाताय ते. जास्त दिवसांच्या गोळ्या किंवा जवळच्या केंद्राचं पत्र मिळतं.

पावडरी आणि काढे. 'मुळापासून बरा करतो' म्हणणारा माणूस प्रत्येक बाजारात असतो. पुड्यांत काय आहे हे लिहिलेलं नसतं. कशात स्टिरॉइड असतं, कशात जड धातू, आणि यकृत, मूत्रपिंड आपलं जातं. घेत असाल तर मला लपवू नका, मी रागावणार नाही. पुडी घेऊन या, डॉक्टरांना दाखवू.

गावच्या डॉक्टरकडे साध्या तापाला गेलात तरी कुठल्या गोळ्या चालू आहेत हे त्यांना कळायला हवं. आजाराचं नाव तोंडातून निघत नसेल तर औषधांची तीन नावं कागदावर लिहून पाकिटात ठेवा आणि तो कागद पुढे करा. तुमच्या परवानगीशिवाय ती माहिती बाहेर सांगता येत नाही. 10 सप्टेंबर 2018 पासून लागू असलेला एचआयव्ही-एड्स कायदा तुमच्या बाजूने आहे.

जुन्या आणि दुसऱ्या फळीच्या गोळ्या

यावर थोडक्यात. दुसऱ्या फळीच्या म्हणजे पहिल्या गोळ्या लागू पडेनाशा झाल्यावर देतात त्या. गोळीत झिडोव्हुडिन असेल तर पहिल्या काही महिन्यांत रक्त कमी होऊ शकतं. जिना चढताना धाप, डोळ्यांच्या आतली लाली गेलेली, हे दिसलं की हिमोग्लोबिन बघायचं. नखं काळसर पडतात, त्याने काही बिघडत नाही. कापड सरकवताना माझी बोटं बघून एका गिऱ्हाइकाने विचारलं होतं, 'मेंदी लावली का गं?' मी हो म्हटलं.

अॅटाझानाविर घेणाऱ्यांचे डोळे पिवळे होतात. रक्तातलं बिलिरुबिन हे पिवळं द्रव्य वाढतं, पण अनेकदा यकृत ठणठणीत असतं. तरी एकदा तपासून घ्यायचं, कारण खरी कावीळही होऊ शकते. ही गोळी भरल्या पोटीच घ्यायची. लोपिनाविरने जुलाब होतात, मीठ-साखर-पाणी जवळ ठेवा.

त्याच दिवशी निघायचं, तारखेची वाट बघायची नाही

अंगावर थोडं पुरळ उठलं, खाज आहे, पण ताप नाही, तोंड-डोळे ठीक आहेत, तर केंद्रावर फोन करून विचारता येतं. पण पुरळाबरोबर ताप आला, कातडीला फोड आले, तोंडात, डोळ्यांत किंवा लघवीच्या जागी चट्टे पडले, तर गाडी करून निघा. नेव्हिरॅपिनची किंवा कोट्रायमोक्साझोलची (दुसरे संसर्ग टाळायला एआरटीबरोबर देतात ती गोळी) बाधा जिवावर जाऊ शकते. दुसऱ्या कुठल्या डॉक्टरकडे जावं लागलं तर सगळ्या डब्या बरोबर न्या.

अबाकाविर घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवा: ताप, पुरळ, खोकला, पोटदुखी हे सगळं मिळून येत असेल आणि प्रत्येक डोसाबरोबर वाढत असेल तर लगेच दाखवा. डॉक्टरांनी ती त्या कारणासाठी बंद केली की पुन्हा आयुष्यात कधीही घ्यायची नाही. उरलेली डबीही परत द्या.

कावीळ, पोटात उजवीकडे सतत दुखणं, श्वास चढणं, थांबत नाही अशी उलटी, बोलण्यात भ्रम, यालाही त्याच दिवशी. आणि ज्यांना हिपॅटायटिस बी आहे त्यांनी टेनोफोव्हिर-लॅमिव्हुडिन अचानक सोडलं तर यकृताचा आजार उसळून येतो. त्यांच्यासाठी मनाने गोळी बंद करणं दुप्पट धोक्याचं.

वही

साधी शंभर पानी. घरात कुणी वाचेल अशी भीती असेल तर मापांच्या, किराणाच्या, दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागून लिहा. लिहिता येत नसेल तर कॅलेंडरवर खूण करा: घेतलेल्या गोळीला टिंब, त्रास झाला त्या दिवशी फुली. चार गोष्टी पुरतात: गोळी किती वाजता, पोट भरलेलं की रिकामं, काय झालं, आणि त्या दिवशी दुसरं कुठलं औषध घेतलं. ही चौथी गोष्ट सगळे विसरतात, आणि उत्तर बहुतेकदा तिथेच असतं.

गोळी चुकली तर आठवताक्षणी घ्या. पुढच्या गोळीची वेळ अगदी जवळ आली असेल तर चुकलेली सोडा, एकदम दोन नकोत. आणि चुकलेलीही लिहा. व्हायरल लोड, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे ते मोजणारी तपासणी, सहा महिन्यांनी, बाराव्या महिन्यात आणि मग वर्षाला एकदा करतात. त्यात विषाणू दिसेनासा झाला आणि तसाच राहिला तर जोडीदाराला संबंधातून लागण होत नाही. त्या आकड्यात काही वरखाली झालं की डॉक्टर पहिल्यांदा विचारतात, गोळ्या चुकल्या का. तेव्हा आठवून सांगण्यापेक्षा पान उघडलेलं बरं. केंद्रावर तारीख असली की वही, केंद्राचं पुस्तक आणि उरलेल्या गोळ्यांची बाटली, तिन्ही पिशवीत. मधेच काही विचारायचं असेल आणि केंद्र बंद असेल तर 1097 हा फुकट नंबर आहे, मराठीत बोलतात.

माझ्या कालच्या पानावर आहे: 'गोळी सकाळी 8. चहा-चपाती. कॅल्शियम रात्री. वजन 59. साखर उपाशीपोटी 98. पाय, डावी बोटं, तशीच. 3 ब्लाउज पूर्ण.'